घरच्या घरी हायलाइट्स? आधी एका बटेला विचारा

लग्नसराई जवळ आली की केसांत दोन-चार सोनेरी किंवा तपकिरी बटा असाव्यात, असे अनेकींना आणि आता अनेकांनाही वाटू लागते. पार्लरचे दरपत्रक पाहिले तर आकडा हजारांत जातो. दुकानात मात्र ब्लीच पावडर, डेव्हलपर आणि ब्रश असा सगळा सरंजाम काही शे रुपयांत मिळतो. मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला की काम सोपेही वाटते. मग रविवारी दुपारी बाथरूमच्या आरशासमोर हे उरकून टाकायला हरकत काय, असा प्रश्न पडतो.

हरकत प्रत्येक वेळी असतेच असे नाही. ज्यांच्या केसांना कधी रंग, मेंदी किंवा पार्लरचे रसायन लागलेले नाही आणि ज्यांना पुढच्या दोन-तीन बटाच थोड्या उजळ करायच्या आहेत, त्यांना हे काम घरी जमू शकते. पण त्याच पाकिटाने दुसऱ्या कुणाचे केस बोटात घेताच तुटू शकतात, टाळूची त्वचा भाजू शकते किंवा एखाद्या रसायनाची आयुष्यभराची ॲलर्जी जडू शकते. हा फरक बराचसा केसांच्या पूर्वेतिहासातून आणि त्वचेच्या स्वभावातून येतो. चांगली गोष्ट ही, की या दोन्हींची चाचणी घरीच, फारसा खर्च न करता करता येते. ती केल्यावर निर्णय घेणे सोपे जाते.

आधीचा रंग काढावा लागतो

मेंदी लावणाऱ्या घरांत एक गोष्ट सगळ्यांनी पाहिलेली असते. पांढरे झालेले केस मेंदीने नारिंगी-लाल होतात, पण शेजारचे काळे केस काळेच दिसतात. फार तर उन्हात त्यांच्यावर लालसर झाक येते. मेंदीचा रंग दोन्ही केसांवर चढलेला असतो. मात्र हा रंग पारदर्शक काचेसारखा असतो. पांढऱ्यावर तो दिसतो, काळ्याखाली झाकला जातो. केसांच्या बहुतेक रंगांचे असेच आहे. काळ्या केसांवर सोनेरी रंग कितीही थापला तरी तो दिसणार नाही. आधी केसांतला काळा रंग कमी करावा लागतो. म्हणूनच भारतीय केसांचे हायलाइट्स म्हणजे मुख्यतः ब्लीच करणे. रंग लावणे ही त्यानंतरची पायरी.

केसांचा नैसर्गिक रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे असतो. त्याचे दोन प्रकार आहेत. युमेलॅनिन काळा-तपकिरी रंग देते, तर फिओमेलॅनिन लालसर-पिवळा. हे रंगद्रव्य केसाच्या गाभ्यात, केराटिन या प्रथिनाच्या तंतूंमध्ये विखुरलेले असते. गाभ्याभोवती कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. त्यांना क्युटिकल म्हणतात. केसाची चमक आणि मऊपणा या पापुद्र्यांवर आणि त्यांच्यावरच्या अतिशय पातळ स्निग्ध थरावर अवलंबून असतो.

ब्लीचमधले हायड्रोजन पेरॉक्साइड हे मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण करून त्याचा रंग घालवते. लुई जाक थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये हे रसायन शोधले. पण नुसते पेरॉक्साइड काळ्या केसांवर हळू काम करते. म्हणून ब्लीच पावडरमध्ये अमोनियम, पोटॅशियम किंवा सोडियमचे परसल्फेट आणि मिश्रण अल्कधर्मी करणारे क्षार असतात. अल्कधर्मी मिश्रणात केस फुगतो, क्युटिकलचे पापुद्रे उघडतात आणि पेरॉक्साइड गाभ्यापर्यंत पोहोचते.

तिथे पोहोचल्यावर ते फक्त मेलॅनिनला हात लावून थांबत नाही. केराटिनचे तंतू गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जोडलेले असतात. केसाची ताकद या बंधांत असते आणि ब्लीच त्यातले काही बंध कायमचे तोडते. वरचा स्निग्ध थरही निघून जातो. म्हणून ब्लीच केलेला केस कोरडा लागतो, पाणी पटकन शोषतो, ओला असताना जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. केस हा निर्जीव तंतू आहे. जखम भरावी तसा तो भरून येत नाही. कंडिशनर किंवा तेल त्याला गुळगुळीत करते, पण तुटलेले बंध पूर्ववत करत नाही. नवा केस मुळातून उगवून येणे हाच त्यावरचा खरा उपाय.

नारिंगी टप्प्याची अडचण

व्हिडिओत दिसणारे केस अनेकदा मुळातच फिकट तपकिरी असतात. ते उजळले की लगेच सोनेरी दिसतात. काळा केस मात्र उजळताना आधी गडद तांबडा, मग तांबडा-नारिंगी, नारिंगी, पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा अशा पायऱ्यांतून जातो. युमेलॅनिन तुलनेने लवकर निघते, लालसर-पिवळे फिओमेलॅनिन अधिक चिवट असते. त्यामुळे अर्ध्या वाटेवर थांबले की हाती येतो तो पितळी नारिंगी रंग.

केशरचनाकार केसांचा गडदपणा १ ते १० अशा पट्टीवर मोजतात. १ म्हणजे काळाभोर, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ मध्ये येतात. कॅरमेलसारखा रंग हवा असेल तर साधारण ६ किंवा ७ पर्यंत जावे लागते. राखाडी किंवा प्लॅटिनम छटेसाठी ९-१० पर्यंत. म्हणजे ‘थोडे कॅरमेल’ हीसुद्धा चार-पाच पायऱ्यांची चढण आहे. राखाडी छटा तर अनेकदा एका बैठकीत गाठणे केसांना झेपतच नाही.

घरच्या प्रयोगातली सगळ्यात मोठी चूक या नारिंगी टप्प्यावर होते. रंग आवडत नाही म्हणून त्याच दिवशी पुन्हा ब्लीच लावले जाते किंवा अधिक तीव्र डेव्हलपर आणला जातो. डेव्हलपरच्या बाटलीवर १०, २०, ३० किंवा ४० व्हॉल्यूम असे लिहिलेले असते. २० व्हॉल्यूम म्हणजे एका लिटर द्रावणातून २० लिटर ऑक्सिजन सुटू शकतो. टक्क्यांत सांगायचे तर १० व्हॉल्यूममध्ये ३ टक्के, २० मध्ये ६, ३० मध्ये ९ आणि ४० मध्ये १२ टक्के पेरॉक्साइड असते. आकडा वाढला की उजळण्याचा वेग वाढतो, त्याबरोबर केसांची हानी आणि त्वचा भाजण्याचा धोकाही वाढतो. घरच्या वापरासाठी २० व्हॉल्यूमच्या पुढे जाऊ नये. हळू चढणाऱ्या रंगावर नजर ठेवता येते, झपाट्याने चढणाऱ्यावर ठेवता येत नाही.

नारिंगी झाक दाबण्यासाठी ब्लीचनंतर टोनर लावतात. रंगचक्रात नारिंगीच्या समोर निळा आणि पिवळ्यासमोर जांभळा येतो. म्हणून नारिंगी केसांना निळसर आणि पिवळ्या केसांना जांभळट टोनर लागतो. ‘पर्पल शाम्पू’ने नारिंगी केसांत फारसा फरक का पडत नाही, याचे उत्तर इथे आहे.

केसांना सगळे आठवते

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर किंवा किंचित जास्त वाढतात. या साध्या आकड्यात निर्णयाचा अर्धा भाग आहे. खांद्यापर्यंत येणाऱ्या ३० सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक सुमारे अडीच वर्षे जुने असते. कमरेपर्यंतच्या ६० सेंटिमीटर केसाचे टोक जवळपास पाच वर्षांचे. म्हणजे चार वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नासाठी केलेले स्मूदनिंग, तीन वर्षांपूर्वीचा काळा डाय आणि मागच्या दिवाळीची मेंदी हे सगळे आजही त्याच केसावर, वेगवेगळ्या उंचीवर आहे. ‘हल्ली मी काहीच लावत नाही’ हे खरे असले, तरी केसाच्या टोकाला ते लागू होत नाही.

शुद्ध मेंदीतले लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनला घट्ट चिकटते. ब्लीचने ते सहजासहजी निघत नाही. अशा केसांवर अनेकदा हट्टी नारिंगी पट्टे उरतात. त्याहून मोठा प्रश्न मेंदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रणांचा आहे. काही मिश्रणांत आणि केस हळूहळू काळे करणाऱ्या काही उत्पादनांत धातूंचे क्षार असू शकतात. पेरॉक्साइडशी गाठ पडली की हे क्षार प्रक्रिया एकदम भडकवतात. मिश्रण तापते, कधी वाफाळते आणि केस अक्षरशः विरघळल्यासारखे तुटतात. पाकिटावर घटकांची पूर्ण यादी नसेल, तर अशी ‘हर्बल’ पावडर लावलेल्या केसांवर घरी ब्लीच करू नये.

स्मूदनिंग आणि रिबाँडिंगमध्येही गंधकाचे तेच बंध तोडून पुन्हा जोडलेले असतात. त्यावर ब्लीच म्हणजे एकदा उसवून शिवलेल्या कापडाची शिवण पुन्हा उसवणे. आधीच काळा डाय असलेल्या केसांवरही निकाल सरळ येत नाही. मुळाजवळचा ताजा केस उजळतो, टोकाकडचा कृत्रिम काळा रंग ठिपक्याठिपक्यांनी निघतो. अशा वेळी अनुभवी हातांचीही परीक्षा असते.

त्वचेचे म्हणणे वेगळे असते

त्वचेला होणारा त्रास दोन प्रकारचा असतो आणि त्यातला फरक समजून घ्यायला हवा.

पहिला म्हणजे भाजणे. अल्कधर्मी, तीव्र ऑक्सिडीकारक मिश्रण त्वचेवर राहिले की रासायनिक भाजणी होते. ही कुणालाही होऊ शकते. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या मिश्रणाची स्वतःची उष्णता आत कोंडते. वर हेअर ड्रायर फिरवला तर ती आणखी वाढते. हायलाइट्स करताना टाळूला खोल भाजल्याची, त्या जागी कायमचा केस न उगवणारा व्रण राहिल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ‘थोडे झोंबणारच’ ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे. किंचित खाज आणि खरी आग यांतला फरक कळतो. आग झाली तर घड्याळाकडे न बघता धुऊन टाकायचे.

दुसरा त्रास ॲलर्जीचा. ब्लीचमधल्या परसल्फेटमुळे काहींना काही मिनिटांत गांधी उठतात, नाक वाहते किंवा दमा बळावतो. पार्लरमध्ये वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांमध्ये परसल्फेटमुळे होणारा दमा हा ओळखीचा व्यावसायिक आजार आहे. ज्यांना दमा आहे, त्यांनी बंद बाथरूममध्ये ब्लीच पावडर कालवणे टाळावे.

टोनर आणि गडद रंगांची ॲलर्जी वेगळी. त्यांत अनेकदा पॅराफिनिलिनडायअमीन, म्हणजे पीपीडी, किंवा त्याच कुळातली रसायने असतात. पीपीडीची ॲलर्जी उशिरा दिसते. लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी कानामागे, कपाळावर, मानेवर खाज, पुरळ, पाणी सुटणे आणि कधी डोळे मिटतील इतकी चेहऱ्याची सूज. एकदा ही ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते आणि पुढच्या प्रत्येक वेळी अधिक तीव्र होऊ शकते. पीपीडीशी रासायनिक साधर्म्य असलेली काही भूल देणारी मलमे आणि कापडातले काही रंगही मग त्रास देऊ शकतात. हातावर नक्षी काढायच्या झटपट ‘काळ्या मेंदी’तही पीपीडी मिसळलेले आढळते. जत्रेत किंवा लग्नात तशी मेंदी काढून हाताला फोड आले असतील, तर केसांचा रंग लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला विचारणे आवश्यक आहे. युरोपीय संघात केसांवर लावायच्या मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि असे रंग १६ वर्षांखालील मुलांसाठी नाहीत, असा इशारा पाकिटावर द्यावा लागतो. शाळेतल्या मुलीने हट्ट धरला तर घरच्यांनी हे लक्षात ठेवावे.

दोन दिवसांत दोन चाचण्या

पहिली चाचणी त्वचेची. भारतातल्या नियमांनुसार केसांच्या डायच्या पाकिटात ही चाचणी कशी करावी याच्या सूचना द्याव्या लागतात. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी जागा स्वच्छ करून तिथे टोनर किंवा रंग पाकिटातल्या सूचनेप्रमाणे लावायचा आणि वाळू द्यायचा. नियमातल्या मजकुरात २४ तासांचा उल्लेख आहे. पण उशिरा दिसणारी ॲलर्जी लक्षात घेता ४८ तास थांबणे शहाणपणाचे. खाज, लाली, फोड यांपैकी काहीही दिसले तर तो रंग वापरायचा नाही. मागच्या वर्षी काही झाले नव्हते म्हणून यंदा चाचणी नको, असे म्हणता येत नाही. ॲलर्जी अनेकदा वारंवार वापरानंतरच उद्भवते, म्हणून चाचणी दर वेळी करायची.

दुसरी चाचणी बटेची. मानेजवळच्या आतल्या थरातून, जिथे दिसणार नाही तिथून, काडीएवढी बारीक बट कापून घ्यावी आणि एका टोकाला दोऱ्याने बांधावी. कापायची नसेल तर विंचरताना कंगव्यात आलेले लांब केस आठवडाभर जमवावेत. गुंतवळातले असे दहा-पंधरा केस मुळाकडची टोके एका बाजूला ठेवून बांधले की काम भागते. त्यांत मुळापासून टोकापर्यंतचा सगळा इतिहास असतो.

जे ब्लीच आणि जो डेव्हलपर वापरायचा आहे, त्याचेच चमचाभर मिश्रण काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाटीत करावे. धातूची वाटी नको. हातमोजे घालून बट त्यात बुडवावी आणि दर पाच मिनिटांनी पाहावे. मिश्रण गरम झाले, फसफसले, वाफ आली किंवा बटेचा रंग विचित्र हिरवट झाला, तर केसांवर धातूचे क्षार असण्याची शक्यता आहे. अशा वेळी निर्णय तिथेच झाला: घरी ब्लीच नाही.

तसे काही झाले नाही, तर पाकिटावरच्या कमाल वेळेच्या आत हवा तो उजळपणा येतो का ते पाहावे, बट धुवावी, वाळवावी आणि खिडकीतल्या उजेडात नीट बघावी. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली रंग फसवतो. मुळाकडचा आणि टोकाकडचा रंग सारखा आहे का? ओला केस दोन बोटांत हलकेच ताणला तर तो थोडा ताणून परत येतो का, की चिकट रबरासारखा लांबत जाऊन तुटतो? दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लावून पाहावे. ज्या बटेने पूर्ण वेळ घेऊनही नारिंगीपुढे जायला नकार दिला, तिने ‘सोनेरी घरी जमणार नाही’ असे सांगितलेले असते. नारिंगी-तपकिरी छटा चालणार असेल तर गोष्ट वेगळी.

घरी करायचे ठरले तर

चाचण्या नीट पार पडल्या, तर घरच्या प्रयोगाचा आवाका लहान ठेवावा. चेहऱ्याभोवतीच्या दोन ते सहा बारीक बटा किंवा फक्त खालची टोके, एवढेच. डोक्याच्या मागच्या भागात स्वतःचा हात आणि नजर पोहोचत नाही. तिथे जाड पट्टे आणि डाग पडतात. मागचे करायचे असेल तर दुसरी व्यक्ती सोबत हवीच.

केस आदल्या दिवशी धुवावेत, त्या दिवशी नाही. टाळूवरचे नैसर्गिक तेल थोडे संरक्षण देते. खरचटलेली, पुरळ आलेली किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असेल तर काम पुढे ढकलावे. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलिन लावावे. खिडकी उघडी, पंखा सुरू, हातात मोजे. पावडर हळू ओतावी, म्हणजे धूळ नाकात जात नाही. पावडर आणि डेव्हलपरचे प्रमाण पाकिटावर असेल तेच. मिश्रण दह्यासारखे दाट असावे. पातळ झाले की ओघळून त्वचेवर आणि शेजारच्या केसांवर जाते. ते मुळापासून किमान १ सेंटिमीटर अंतर सोडून लावावे. टाळूच्या उबेने मुळाजवळचा केस लवकर उजळतो, शिवाय अंतर सोडल्याने त्वचाही वाचते. हायलाइट्सचा खरा फायदा हाच, की रसायन त्वचेला लावण्याची गरज नसते. घाईने तो फायदा घालवू नये.

फॉइल घट्ट दाबू नये आणि त्यावर ड्रायर फिरवू नये. दर पाच मिनिटांनी एखादी घडी उघडून पाहावे. पाकिटावरची कमाल वेळ ही शेवटची रेषा आहे. उरलेले मिश्रण झाकणबंद बाटलीत साठवू नये. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

आग होऊ लागली तर फॉइल काढून डोके वाहत्या साध्या पाण्याखाली वीसेक मिनिटे धरावे आणि फोड किंवा तीव्र वेदना असल्यास डॉक्टरकडे जावे. डोळ्यात गेले तर १५-२० मिनिटे पाण्याने धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट रुग्णालय. भुवया आणि पापण्यांना यातले काहीही लावायचे नाही. डायच्या पाकिटावर अंधत्वाचा इशारा उगाच छापलेला नसतो.

लिंबाचा रस लावून उन्हात बसणे हा ‘नैसर्गिक’ पर्यायही निरुपद्रवी नाही. लिंबाच्या रसातल्या काही घटकांवर ऊन पडले की त्वचेवर फोड आणि काळे डाग येऊ शकतात. काळे केस त्याने फारसे उजळतही नाहीत. चेहऱ्याचे ब्लीच क्रीम किंवा औषधाच्या दुकानातले पाण्यासारखे पातळ पेरॉक्साइड केसांसाठी वापरू नये.

कर्करोग आणि गरोदरपण

केसांच्या रंगाविषयी बोलताना कर्करोगाचा प्रश्न हमखास येतो. जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यात दोन गोष्टी वेगळ्या करते. पार्लर किंवा सलूनमध्ये रोज रसायने हाताळणाऱ्यांचा व्यवसाय ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहे. स्वतःच्या केसांना रंग लावण्याबाबत मात्र वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही, असे संस्था म्हणते. २०२० मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील १,१७,२०० महिलांचा ३६ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कायमस्वरूपी रंग वापरणाऱ्या महिलांत बहुतेक कर्करोगांचा धोका वाढलेला दिसला नाही. काही विशिष्ट प्रकारच्या स्तनांच्या व अंडाशयाच्या कर्करोगांत आणि त्वचेच्या एका कर्करोगात किंचित वाढ दिसली. म्हणजे वर्षातून एकदा केलेल्या चार बटांसाठी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण रोज हे काम करणाऱ्या व्यक्तीला हातमोजे आणि मोकळी हवा मिळायलाच हवी.

गरोदरपणात त्वचेतून शोषले जाणारे रसायन फार कमी असते. तरीही ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा पहिले १२ आठवडे थांबण्याचा पर्याय सुचवते. त्वचेला न लागणारे हायलाइट्स हा धोका आणखी कमी करण्याचा मार्ग असल्याचेही ती सांगते. आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

मग निर्णय कसा घ्यायचा?

मेंदी, डाय, स्मूदनिंग यांपैकी काहीही केसांच्या लांबीत दडलेले असेल, चार-पाचपेक्षा जास्त पायऱ्या उजळायचे असेल, पूर्ण डोक्याचे हायलाइट्स हवे असतील, त्वचेचा विकार, दमा किंवा रंगाची ॲलर्जी असेल, तर घरी करू नये. यातल्या ॲलर्जीच्या बाबतीत पार्लरही उपाय नाही, आधी त्वचारोगतज्ज्ञ. पार्लर निवडतानाही आधी बटेची चाचणी करणार का आणि कोणता डेव्हलपर वापरणार, हे मोकळेपणाने विचारावे. उत्तर टाळले गेले तर दुसरे पार्लर पाहावे. बिघडलेला रंग दुरुस्त करून घेण्याचा खर्च अनेकदा मूळ हायलाइट्सपेक्षा जास्त होतो, हेही हिशेबात धरावे.

एका समारंभापुरतीच हौस असेल, तर क्लिपने लावायच्या रंगीत बटा किंवा धुतल्यावर जाणारा रंग आहे. ब्लीचशिवाय बरगंडी किंवा गडद तपकिरी झाक चालत असेल, तर केसांचे नुकसान बरेच कमी होते. मिठामिरीसारखे केस झालेल्यांना हायलाइट्सचा एक वेगळा उपयोग आहे. पांढऱ्या केसांच्या जोडीला काही फिकट बटा आल्या की मुळाशी दिसणारी पांढरी रेघ पुसट होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी डाय लावण्याची धावपळ कमी होते. पण असे केस बहुधा आधी रंगवलेले असतात, म्हणून हे काम जाणकाराकडून करून घेणे बरे.

केल्यानंतरची निगाही निर्णयाचाच भाग आहे. ब्लीच केलेल्या बटांना सौम्य शाम्पू आणि दर वेळी कंडिशनर लागतो. ओले केस जाड दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवावे लागतात. इस्त्री आणि कर्लर काही आठवडे दूर ठेवावे लागतात. पोहायला जाण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून टोपी घालावी लागते, कारण तलावाच्या पाण्यात तांब्याचा अंश असेल तर उजळलेल्या बटा हिरवट होतात. एवढे सांभाळायला वेळ नसेल तर तेही ‘नको’ म्हणायला पुरेसे कारण आहे.

ज्यांना यातला एकही अडथळा नाही, त्यांनी समारंभाच्या आदल्या दिवशी नव्हे, तर किमान दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करावी. दोन दिवस चाचण्यांना आणि बाकीचे दिवस रंग बसायला, काही चुकले तर सावरायला मिळतात. सुरुवात डोक्यापासून करायची नाही, वाटीतल्या दोरा बांधलेल्या बटेपासून करायची. ती तुटली, तापली किंवा नारिंगीवर अडली, तर नुकसान दहा-पंधरा केसांचे आणि चमचाभर पावडरचे.